मालिकांच्या घरात बातम्या बघणारी

वाचक भगिनीच्या पत्राचा सारांश:

वय ४३, नोकरी करतात. घरात त्या, त्यांची ७१ वर्षांची आई आणि १७ वर्षांची मुलगी. लहानपणी वडिलांशेजारी बसून रेडिओवरच्या बातम्या ऐकायची सवय लागली, ती आजतागायत आहे. बातम्या, चर्चा, इतिहासावरचे आणि प्राण्यांवरचे माहितीपट हे त्यांचं आवडीचं बघणं. आई आणि मुलगी मात्र रोज संध्याकाळी दोन तास मालिका बघतात. "तीच कटकारस्थानं, तेच रडणं, एका वाक्यावर तीन-तीन चेहरे दाखवायचे. मला दहा मिनिटंही बसवत नाही," असं त्या लिहितात. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत मालिकांचा विषय निघाला की त्या गप्प होतात. "तू बाई असून मालिका कशी बघत नाहीस?" असं त्यांना अनेकदा ऐकावं लागलंय. मागच्या महिन्यात एका मोठ्या बातमीसाठी त्यांनी मालिकेच्या ऐन भागात चॅनेल बदललं. आई कुरकुरली, तेव्हा त्या बोलून गेल्या, "खोट्या माणसांसाठी रडत बसण्यापेक्षा खऱ्या जगात काय चाललंय ते बघ." त्या दिवसापासून आई टीव्हीसमोर येऊन बसलेली नाही. आपल्या खोलीत पडून असते. मुलगी म्हणाली, "तू घरी आलीस की टीव्हीवर भांडणं सुरू होतात." झोपेपर्यंत बातम्या चालू असतात आणि हल्ली झोप नीट लागत नाही, हे त्यांनी जाता जाता लिहिलं आहे. त्यांचे प्रश्न दोन. माझ्यातच काही कमी आहे का? आणि आईला, मुलीला चांगलं काही बघायची गोडी कशी लावू?

प्रिय मैत्रिणी,

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. तुमच्यात काहीच कमी नाही. ज्या मुलीने वडिलांच्या शेजारी बसून जगाच्या बातम्या ऐकल्या, तिला मोठेपणी त्याच आवडाव्यात यात नवल नाही. या आवडीचा खुलासा तुम्ही कुणालाही द्यायला बांधील नाही.

"बाई असून" हे जे तुम्हाला ऐकावं लागतं, त्याबद्दल मात्र थोडं सांगायचंय, कारण असं ऐकणाऱ्या तुम्ही एकट्या नाही. रोजची मालिका बायकांच्या स्वभावातून जन्माला आलेली नाही, ती जाहिरातीच्या हिशेबातून आली. १९३० मध्ये शिकागोच्या एका रेडिओ केंद्रावर इर्ना फिलिप्स यांनी लिहिलेली 'पेंटेड ड्रीम्स' ही रोजची कथा सुरू झाली. दिवसा घरी असणाऱ्या स्त्रिया हा तिचा श्रोतृवर्ग होता. साबण आणि साफसफाईच्या वस्तू बनवणाऱ्या कंपन्यांनी हा प्रकार पुढे उचलून धरला, कारण त्यांचं गिऱ्हाईक नेमकं त्या वेळी रेडिओच्या जवळपास असायचं. फिलिप्स यांचीच 'गायडिंग लाइट' ही मालिका १९३७ मध्ये रेडिओवर सुरू झाली, १९५२ मध्ये टीव्हीवर आली आणि २००९ पर्यंत चालली. एका व्यापारी निर्णयाला सत्तर वर्षं मिळाली की तो निसर्गनियम वाटायला लागतो. तुम्हाला बातम्या आवडणं हा त्या निसर्गनियमाचा भंग वगैरे काही नाही.

पण याच इतिहासाची दुसरी बाजूही बघा. जे बायकांसाठी बनलं, ते हलकं ठरलं. खेळाचा सामना बघताना माणसं ओरडतात, हळहळतात, हरल्यावर जेवत नाहीत. त्या तासांना कुणी 'बुद्धी गंजणं' म्हणत नाही. आई एका पात्रासाठी डोळे पुसते तेव्हा मात्र तो वेळ वाया गेला असं आपण चटकन म्हणतो. तुमच्या पत्रात 'चांगलं काही' हा शब्दप्रयोग चारदा आलाय, आणि प्रत्येक वेळी तो तुमच्या आवडीसाठी आहे. ज्या तराजूने लोक तुम्हाला तोलतात त्याचा तुम्हाला राग येतो, आणि तोच तराजू आईसमोर तुमच्या हातात आहे. हे कठोर वाटेल, पण मला पत्र वाचताना सगळ्यात आधी हेच दिसलं.

आता तुमच्या त्या वाक्याकडे येऊ. खोटी माणसं आणि खरं जग. तुमच्या सगळ्या पत्राचा डोलारा या दोन शब्दांवर उभा आहे, म्हणून जरा सावकाश बघू या.

माहितीपट मलाही मनापासून आवडतात. म्हणूनच ते बनतात कसे हे बघणाऱ्याला माहीत असावं असं मला वाटतं. रॉबर्ट फ्लाहर्टी यांचा १९२२ चा 'नानूक ऑफ द नॉर्थ' हा पूर्ण लांबीच्या माहितीपटांचा आद्य नमुना मानला जातो. कॅनडाच्या उत्तरेकडच्या बर्फाळ भागात राहणाऱ्या इन्युइट लोकांच्या जगण्यावरचा तो चित्रपट. त्यातल्या मुख्य माणसाचं नाव नानूक नव्हतंच, अलाकारियालाक होतं. पडद्यावर त्याची पत्नी म्हणून दिसते ती त्याची पत्नी नव्हती. बर्फाच्या घरात कॅमेऱ्याला उजेड पुरेना, म्हणून एक बाजू उघडी असलेलं घर बांधून घेतलं. त्या काळी ते लोक शिकारीला बंदूक वापरू लागले होते, पण चित्रपटात जुन्या पद्धतीची शिकार दाखवली. एवढं असूनही बर्फातल्या त्या जगण्याचा जो अनुभव त्यातून मिळतो, तो खोटा म्हणता येत नाही.

याहून वाईट उदाहरणही आहे. डिस्ने कंपनीच्या 'व्हाइट वाइल्डरनेस' या १९५८ च्या निसर्गपटात लेमिंग नावाचे उंदरासारखे प्राणी कड्यावरून पाण्यात उड्या टाकताना दिसतात. त्याला सर्वोत्कृष्ट माहितीपटाचं ऑस्कर मिळालं. लेमिंग सामूहिक आत्महत्या करतात ही समजूत त्या दृश्याने जगभर पक्की केली. १९८२ मध्ये कॅनडाच्या सार्वजनिक दूरचित्रवाणीने छडा लावला, तेव्हा कळलं की ते प्राणी दुसरीकडून विकत आणले होते आणि माणसांनी त्यांना पाण्यात ढकललं होतं. आजही निसर्गपटात वाघ गवतातून चालताना जी सळसळ ऐकू येते, ती बहुतेक वेळा नंतर स्टुडिओत तयार केलेली असते. लांब पल्ल्याच्या भिंगाने चित्र मिळतं, आवाज मिळत नाही. यात फसवणूक आहे असं मी म्हणणार नाही, पण कच्चं वास्तवही ते नाही. कुणीतरी निवडलेलं, कापलेलं, संगीत घातलेलं ते वास्तव असतं.

बातम्यांचं तर विचारूच नका. योहान गाल्टुंग आणि मारी होल्मबो रूगे या अभ्यासकांनी काँगो, क्युबा आणि सायप्रस इथल्या पेचप्रसंगांच्या बातम्या नॉर्वेच्या वर्तमानपत्रांत कशा छापून आल्या, ते तपासून १९६५ मध्ये एक निबंध लिहिला. कोणत्या घटनेची बातमी होते याचे काही निकष त्यांनी मांडले. अचानक घडलेली, वाईट, बड्या माणसांशी किंवा बड्या देशांशी संबंधित, आणि एखाद्या व्यक्तीच्या नावावर खपवता येईल अशी घटना पुढे येते. हळूहळू घडणारं मागे राहतं. जमिनीखालचं पाणी खाली जाणं, मुलींच्या शिक्षणाची वर्षं वाढणं, एखादा रोग ओसरणं यांना 'आज रात्री नऊ वाजता' असा मुहूर्त नसतो. आणि तो निबंध लिहिला गेला तेव्हा दिवसभर चालणारी वृत्तवाहिनी जगात नव्हती. सीएनएन सुरू झाली १ जून १९८० रोजी. चोवीस तास भरायचे म्हटल्यावर तीच बातमी पुन्हा सांगावी लागते, मध्ये चर्चा घालावी लागते, आणि चर्चेत माणसं थांबावीत म्हणून भांडण लागतं.

तुमची मुलगी हेच म्हणाली. तुम्हाला ते उद्धट वाटलं असेल, पण तिचं निरीक्षण चोख आहे. एका चौकटीत खलनायक, दुसऱ्या चौकटीत त्याला जाब विचारणारा, मागे धडधडणारं संगीत, जाहिरातीआधी "थोड्याच वेळात मोठा खुलासा". या रचनेला काय म्हणायचं ते तिने ओळखलंय, कारण ती रोज दोन तास तशीच रचना बघते. मालिका बघणाऱ्या मुलीला कथेचे सांधे कुठे आहेत हे कळतं. ही लहान गोष्ट नाही.

तेव्हा आधी स्वतःच्या बघण्याची एक तपासणी करा. रात्री टीव्ही बंद केल्यावर स्वतःला विचारा: आज मला असं काय कळलं, जे काल माहीत नव्हतं? ते एका वाक्यात सांगता येतंय का? एखाद्या दिवशी छान सांगता येईल. बऱ्याच दिवशी हाती लागेल ती फक्त अस्वस्थता. कोण कुणाला काय बोललं आणि मग तो काय म्हणाला, एवढंच. अशा दिवशी तुम्ही बातम्या बघितल्या असं म्हणण्यापेक्षा बातम्यांची मालिका बघितली असं म्हणणं जास्त खरं होईल.

आणि तुमची झोप. ती तुम्ही एका ओळीत उरकलीत, मी उरकणार नाही. एप्रिल २०१३ मध्ये बोस्टनच्या मॅरेथॉनमध्ये बॉम्बस्फोट झाले. त्यानंतर संशोधकांनी अमेरिकेतल्या ४,६७५ प्रौढांची पाहणी केली. स्फोटानंतरच्या आठवड्यात ज्यांनी रोज सहा किंवा त्याहून जास्त तास त्या घटनेच्या बातम्या आणि दृश्यं बघितली, त्यांच्यात तीव्र ताणाची लक्षणं प्रत्यक्ष स्फोटाच्या जागी किंवा जवळपास असलेल्यांपेक्षाही जास्त आढळली. आधीच घाबरलेली माणसं जास्त बातम्या बघत असतील, अशी शंका यावर घेता येते आणि ती रास्त आहे. तरीही दिवसभर काम करून आलेल्या बाईने झोपेपर्यंत आग, पूर, हल्ला आणि आरडाओरडा यांच्यासमोर बसावं, आणि मग झोप येत नाही म्हणून नवल करावं, हे मला पटत नाही. निजायच्या तासभर आधी बातम्या बंद. यावर मी तुमच्याशी वाद घालणार नाही. दोन आठवडे करून बघा. त्यानंतरही झोप येत नसेल तर डॉक्टरांना दाखवा, कारण त्रेचाळिसाव्या वर्षी झोप बिघडायला दुसरी कारणंही असतात.

बातम्या सोडा असं मी मुळीच सांगत नाहीये. उलट, बातम्यांवर तुमचं प्रेम आहे म्हणून त्या नीट घ्या. शक्यतो वाचा. वाचताना वेग आपल्या हातात असतो, मागे जाता येतं, दोन ठिकाणची माहिती ताडून बघता येते. टीव्हीवर बघायच्या तर ठरलेल्या वेळेचं एक बातमीपत्र बघा, चर्चा नको. आणि आठवड्यातून एखादा विषय खोलात जाऊन समजून घ्या. त्यासाठी तुमचे माहितीपट आहेतच. तुमच्या पत्रातला सगळ्यात जिवंत परिच्छेद समुद्री कासवांच्या माहितीपटाचा आहे. बातम्यांविषयी लिहिताना तुमची वाक्यं दमलेली आहेत. तुम्हाला नेमकं काय आवडतं याचं उत्तर तुमच्याच अक्षरात आहे.

आता आई आणि मुलगी काय बघतात ते पाहू. त्यातून त्यांना काहीच मिळत नाही, हे तुम्ही गृहीत धरलंय.

आपल्याकडे ७ जुलै १९८४ रोजी दूरदर्शनवर 'हम लोग' सुरू झाली. मनोहर श्याम जोशी यांनी ती लिहिली. मेक्सिकोत मिगेल साबिदो यांनी मालिकांमधून साक्षरतेसारखे विषय लोकांपर्यंत नेले होते, त्या प्रयोगावरून ही कल्पना आली. भाग संपला की अशोक कुमार समोर येऊन प्रेक्षकांशी बोलत, आणि प्रेक्षक त्यांना लाखांनी पत्रं लिहीत. लोक 'खोट्या माणसांविषयी' लिहीत होते, पण त्या निमित्ताने आपल्याच घराविषयी लिहीत होते.

ब्राझीलचं उदाहरण तर थक्क करणारं आहे. तिथल्या ग्लोबो वाहिनीच्या १९६५ ते १९९९ मधल्या ११५ मालिका संशोधकांनी तपासल्या. पन्नाशीच्या आतल्या मुख्य स्त्रीपात्रांपैकी ७२ टक्के पात्रांना मूलच नव्हतं आणि २१ टक्के पात्रांना एकच होतं. देशात त्या काळात मोठी कुटुंबं सर्रास होती. ज्या भागांत या वाहिनीचं प्रक्षेपण पोचलं, तिथे स्त्रियांना होणाऱ्या मुलांची संख्या कमी झाल्याचं या अभ्यासात दिसलं. २०१२ मध्ये तो प्रसिद्ध झाला. लहान कुटुंबावरचा माहितीपट त्या बायकांनी बघितला असता का, मला शंका आहे. रोज संध्याकाळी भेटणाऱ्या एका बाईचं आयुष्य मात्र त्यांनी बघितलं.

याचा अर्थ मालिका म्हणजे शाळा, असा घेऊ नका. 'हम लोग'मध्येच भागवंती नावाची सोसणारी आई होती. तिच्याकडे बघून स्त्रियांनी असं सोसू नये असं वाटावं, हा हेतू होता. बऱ्याच प्रेक्षकांनी तिलाच आदर्श मानलं. कथा दोन्ही बाजूंनी कापते. म्हणूनच तुमची तक्रार मला अर्धी मान्य आहे. सोसणं हा बाईचा दागिना, शिकलेली सून म्हणजे कारस्थानी, हात उचलणारा नवरा मनाने चांगला, असं जर रोज दाखवलं जात असेल तर त्यावर बोललंच पाहिजे, आणि सतरा वर्षांच्या मुलीशी तर नक्कीच बोललं पाहिजे. फक्त बोलण्यासाठी आधी तो भाग बघितलेला असावा लागतो. "मालिका फालतू असतात" या वाक्याला मुलगी उत्तर देणार नाही. "काल त्याने तिचा फोन काढून घेतला आणि ती त्यालाच सॉरी म्हणाली, तुला ते कसं वाटलं?" या प्रश्नाला देईल. मुलामुलींच्या नात्यात काय चालतं आणि काय चालू नये, हे थेट विचारलं तर या वयातली मुलं खोलीचं दार लावून घेतात. पात्राच्या आडोशाने खूप काही बोलतात.

आईंचं जरा वेगळं आहे. १९५६ मध्ये डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोन अभ्यासकांनी पडद्यावरच्या माणसांशी प्रेक्षकाची एकतर्फी ओळख कशी जमते यावर लिहिलं. तुम्हाला आश्चर्य वाटेल, त्यांचं लक्ष प्रामुख्याने मालिकांवर नव्हतंच. कार्यक्रमाचे सूत्रधार, निवेदक, मुलाखतकार यांच्यावर होतं. ठरलेल्या वेळी येणारा, आपल्याकडे बघून बोलणारा, कधीच दगा न देणारा चेहरा. तुमचाही एखादा ठरलेला वृत्तनिवेदक असेल. तो सुट्टीवर गेला की चुकल्यासारखं वाटत असेल. आईंना त्यांच्या मालिकेतल्या मोठ्या सुनेबद्दल तेच वाटतं. फरक इतकाच की एकाहत्तराव्या वर्षी खऱ्या ओळखीची माणसं एकेक करून कमी होत गेलेली असतात. तुम्ही दिवसभर बाहेर, नात कॉलेजात. संध्याकाळी सातला ती सगळी मंडळी घरात येतात. एका बातमीसाठी तुम्ही त्यांना घालवून दिलंत, आणि वर ती खोटी आहेत असंही सांगितलंत.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. "दोघी एका पांघरुणात बसून बघत असतात." सतरा वर्षांची मुलगी, जिच्या हातात फोन आहे, जिला मैत्रिणी आहेत, अभ्यास आहे, ती रोज दोन तास आपणहून आजीला चिकटून बसते. घरोघरी आजी-आजोबा एका खोलीत आणि नातवंडं दुसऱ्या खोलीत अशी पत्रं मला किती येतात! तुमच्या घरी ते दोन तास होते. आता आई आपल्या खोलीत पडून असतात, म्हणजे मुलीचीही ती जागा गेली. मालिका सुटावी अशी तुमची इच्छा होती. सुटली, आणि तिच्याबरोबर काय गेलं ते तुम्हीच सांगितलं आहे. मला वाटतं पत्र लिहायला बसलात ते त्यामुळेच. त्या पांघरुणात तुम्हालाही जागा हवी आहे. आवडीचा प्रश्न त्यामानाने बराच लहान आहे.

म्हणून आधी आईंची माफी मागा. स्पष्टीकरण न देता. "बातमी महत्त्वाची होती पण" असं वाक्य सुरू झालं की ती माफी राहत नाही. "तुझा भाग मी मध्येच बंद केला आणि वर तुला लागेल असं बोलले, माझं चुकलं" एवढंच. त्या म्हणतील, "मला कुठे काय वाटलंय." त्यावर वाद घालू नका.

पुढे काय करता येईल? सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे दोन पडदे. तुम्ही तुमचं फोनवर किंवा लॅपटॉपवर हेडफोन कानात घालून बघा, त्या त्यांचं टीव्हीवर. यात भांडण मिटतं आणि बऱ्याच घरांना तेवढंच पुरतं. त्यात कमीपणा काही नाही. पण तुमच्या बाबतीत मला तो मार्ग अपुरा वाटतो, कारण तुम्ही अधिकच एकट्या पडाल. दुसरा मार्ग, दात-ओठ खाऊन रोज मालिका बघायची. तेही करू नका. न आवडणारी गोष्ट आवडल्यासारखी दाखवली की चेहरा सांगतो, आणि आईला लेकीचा चेहरा वाचायला वेळ लागत नाही.

मधली वाट काढा. संध्याकाळचे ते दोन तास त्यांचे, असं जाहीर करून टाका. त्या वेळात टीव्हीवर तुमचा हक्क नाही, मोठी बातमी असली तरी. मोठी बातमी फोनवर कळते. आठवड्यातून एखाद्या संध्याकाळी तुम्ही त्यांच्याबरोबर बसा, हातात दुसरं काम असलं तरी चालेल. आधी आईंना विचारा की आतापर्यंत काय झालं. कथा सांगायला लावा. सांगताना कुणाची बाजू घेतात, कुणावर चिडतात, काय गाळतात ते ऐका. तुम्हाला माहितीपटात माणसं स्वतःबद्दल बोलतात ते आवडतं ना? तसंच आहे हे. मालिकेतल्या एखाद्या लग्नावर बोलता बोलता स्वतःच्या संसारातलं काही त्या सांगून जातील, जे त्यांनी तुम्हाला समोरासमोर कधी सांगितलेलं नसेल.

माहितीपटाचं आमंत्रण द्याल तेव्हा 'ज्ञान वाढेल' हा सूर नको. त्या सुराने भलेभले उठून जातात. युद्ध आणि राजकारण तुमच्यासाठी ठेवा. आईंना कशाची ओढ आहे ते बघा: गाणं, विणकाम, प्रवास, एखाद्या जुन्या नटीचं आयुष्य. मुलीला कशाची? तिला गुन्ह्यांच्या तपासाच्या कथा आवडतात असं तुम्ही लिहिलंय. मग न्यायवैद्यकावरचं काहीतरी शोधा. ज्यात एक माणूस धरून गोष्ट पुढे जाते, असे माहितीपट निवडा. मालिका बघणाऱ्याला माणसाची सोबत लागते, आकडे आणि नकाशे त्याला धरून ठेवत नाहीत. तासाभरापेक्षा मोठं नको. मध्ये थांबवून समजावून सांगू नका. त्यांनी विचारलं तर सांगा. आणि त्यांना कंटाळा आला, तर बंद करा, तोंड वाकडं न करता. तुम्हाला मालिकेचा कंटाळा येऊ शकतो तर त्यांना कासवांचा येऊ शकतो.

ऑफिसचं थोडक्यात. जेवणाच्या सुट्टीत मालिका निघाली तर गप्प बसायचं कारण नाही आणि बघायचंही कारण नाही. "मी बघत नाही" एवढ्यावर थांबलं की समोरच्याला त्यात नापसंती ऐकू येते. "मी बघत नाही, पण तिने असं का केलं?" म्हटलं की कुणीतरी उत्साहाने सांगायला लागतं. त्याचबरोबर तुमच्या आवडीचं एखादं माणूस शोधा. ऑफिसात असतंच, तेही तुमच्यासारखंच गप्प बसलेलं असतं.

उलट बाजूनेही पत्रं येतात. मालिका आवडतात म्हणून घरात ज्यांची टिंगल होते, अशा स्त्रिया लिहितात, आणि काही पुरुषही, चोरून बघणारे. त्यांनाही हेच सांगेन की आवडीचा हिशेब कुणाला देऊ नका. मात्र काही ठिकाणी काळजी खरंच करावी लागते, आणि तिथे मालिका की बातम्या हा प्रश्न गौण असतो. झोप, जेवण, औषधांच्या वेळा टीव्हीपायी चुकत असतील. पूर्वी बाहेर जाणारं माणूस जाईनासं झालं असेल. बघून झाल्यावर रोज चिडचिड किंवा भीती उरत असेल. घरातल्या ज्येष्ठ माणसाने आवाज फार मोठा ठेवायला सुरुवात केली असेल, तर भांडायच्या आधी कान तपासून घ्या. ऐकू कमी येतंय हे बरेचदा टीव्हीच्या आवाजावरूनच प्रथम कळतं.

तुमच्या आईंकडे परत येते. माफी मागितली म्हणून त्या दुसऱ्या दिवशी बाहेर येऊन बसतील असं नाही. "येतेस का, येतेस का" असं रोज विचारू नका; त्यात विचारणाऱ्याची घाई असते. सातच्या सुमाराला टीव्ही त्यांच्या वाहिनीवर लावा, मुलीला बसू द्या, आणि तुमच्या बातम्या त्या वेळेपुरत्या फोनवर वाचा. चार-सहा दिवसांनी मुलीनेच आजीला हाक मारली तर उत्तम. नाहीच आल्या, तर तुम्ही त्यांच्या खोलीत जा आणि आजच्या भागात काय झालं ते, मुलीकडून ऐकून, त्यांना सांगा. चुकीचं सांगा हवं तर. नावांचा घोळ होईलच तुमचा. त्या दुरुस्त करतील.